अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजात फुटबॉल कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, हे करिअर नेमकं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की छोट्या कॉलेजचा कोच दिवसभर करतो काय आणि त्यात आयुष्य काढता येतं का. येतं की. फक्त टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचवरून अंदाज बांधू नका, ते जग वेगळं. आणि इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा नव्हे.

मला विचाराल तर आधी एडी रॉबिन्सनबद्दल वाचा. १९४१ ला लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगला, कृष्णवर्णीय मुलांच्या एका छोट्या कॉलेजात, महिना ६३.७५ डॉलरवर कोच म्हणून लागला, त्याआधी बॅटन रूजला पशुखाद्याच्या गिरणीत कामाला होता. कोच म्हणजे ग्राउंडचं गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, पोरांच्या घोट्यांना टेप बांधणं आणि मॅच झाली की पेपरसाठी बातमीसुद्धा स्वतःच लिहिणं. दुसऱ्याच सीझनला, १९४२ ला, टीम ९ पैकी ९ जिंकली आणि समोरच्यांना एक पॉइंटही करू दिला नाही! बाहेरगावी गेलं की हॉटेलवाले काळ्या पोरांना जेवायला बसू देत नसत, म्हणून सँडविच बांधून न्यायची. आणि सकाळी होस्टेलवर घंटा वाजवत फिरायचा, का तर पोरं लेक्चरला गेली पाहिजेत. मला तो ४०८ विजयांपेक्षा या घंटेसाठी मोठा वाटतो. १९९७ पर्यंत तिथेच होता, २०० हून जास्त पोरं प्रो फुटबॉलमध्ये गेली, त्यातला डग विल्यम्स १९८८ च्या सुपर बोलचा (प्रो फुटबॉलची फायनल) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि पुढे रॉबिन्सनच्याच जागी कोच म्हणून आला.

आता दिवस बदललेत पण छोट्या कॉलेजात माणसं अजून कमीच. डिव्हिजन थ्री मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या एनसीएए या संघटनेच्या तिसऱ्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, त्यामुळे कोचला घरोघरी जाऊन आईवडिलांना कॉलेजच पटवून द्यावं लागतं, आणि बरीच छोटी प्रायव्हेट कॉलेजं फुटबॉल चालवतात ती मुळात अ‍ॅडमिशन वाढाव्यात म्हणूनच. त्यात अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या खेळांचे प्रमुख, झालात की स्विमिंगपासून सॉफ्टबॉलपर्यंत सगळ्यांचं बजेट, बस, वेळापत्रक, कोचच्या नेमणुका तुमच्याकडे, शिवाय १९७२ च्या टायटल नाइन कायद्याप्रमाणे मुलींना बरोबरीची संधी मिळते का हेही बघायचं. फुटबॉलवाल्याने डायरेक्टर म्हणून फुटबॉललाच झुकतं माप दिलं तर बाकीचे कोच दुखावतात, आणि मला वाटतं खरी परीक्षा तिथेच असते.

सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम करणारा, म्हणून करा, पगार फार नसतो पण बऱ्याच ठिकाणी मास्टर्सची फी सुटते.