तीस दिवस कुठून मोजायचे?

प्रश्न: ख्रिस्तात सलाम. नागपुरातल्या आमच्या मंडळीची पंचकमिटी तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत निवडून आली. कमिटीचे पंच तेच आमच्या ट्रस्टचे विश्वस्त. गेल्या पावसाळ्यात बिशपसाहेबांनी एका पत्राने कमिटी बरखास्त करून पाच जणांची प्रशासकीय समिती नेमली. बिशपसाहेबांची स्वतःचीच मुदत संपलेली आहे, असे आमचे म्हणणे आहे. नव्या समितीने चर्चशेजारचे मैदान लग्नाच्या लॉनसाठी २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले आहे. आम्ही दिवाणी दावा लावला, पण तूर्तातूर्त मनाई मिळाली नाही. कार्यालयाला आम्ही आमचे कुलूप लावले आहे. आमच्या निवडीचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची सूचना) द्यायचा राहून गेला. दरम्यान धर्मादाय कार्यालयातून एक नोटीस आली, तिचा फोटो जोडला आहे. पाकीट हातात पडल्यापासून ३० दिवस आहेत असे धरून, ईस्टर झाल्यावर बैठक घेऊन उत्तर द्यायचे ठरले आहे. बिशपांना असा अधिकार आहे का? चर्चची मालमत्ता मंडळीची की डायसिसची, म्हणजे बिशपांच्या प्रांताची?
— एक पंच, नागपूर

उत्तर: या धाटणीची पत्रे नेहमी येतात. कुठे बिशप असतात, कुठे मॉडरेटर, कुठे सुपरिटेंडंट. भांडण मैदानाचे असते, शाळेचे असते किंवा दफनभूमीलगतच्या दुकानगाळ्यांचे. आणि प्रत्येक पत्रात खरी बातमी शेवटी 'दरम्यान' म्हणून येते. तुमच्याही पत्रात तसेच झाले आहे. बिशपांच्या मुदतीवर तुम्ही पाच ओळी खर्च केल्यात हे तुमच्या मूळ पत्रात दिसते (वर मी त्या एकीवर आणल्या), आणि नोटिशीला मिळाले अर्धे वाक्य. बिशपांचा अधिकार आणि मालमत्तेची मालकी यांवर दहा-पंधरा वर्षे वाद चालू शकतो. ही नोटीस मात्र नव्या समितीच्या चेंज रिपोर्टची आहे, आणि ती महिनाभरात तुम्हाला कागदावरून पुसून टाकू शकते.

कलम सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा, हे सगळ्यांना ऐकून माहीत असते. त्याच कलमात २०१७ साली झालेली दुरुस्ती फारशी कुणी वाचलेली नसते. विश्वस्तांच्या नावांतला बदल असेल तर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त तो कामकाजाच्या १५ दिवसांत तात्पुरता मान्य करू शकतात आणि हरकती मागवणारी नोटीस काढतात. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत आली नाही, तर तात्पुरता आदेश कायम होतो आणि रजिस्टरला नोंद चढते. सुनावणी नाही, साक्ष नाही, पुरावा नाही. हरकत आली तरच चौकशी होते. ती तीन महिन्यांत संपवावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ती किती चालते ते नागपूरकराला मी सांगायला नको. पण या घडीला ती रखडली तरी ते तुमच्याच पथ्यावर पडेल.

तुम्ही ३० दिवस पाकीट हातात पडले त्या दिवसापासून मोजताय. चूक. दिवस मोजायचे ते नोटीस प्रसिद्ध झाली त्या तारखेपासून. पोस्टाने किती दिवस घेतले, ते पाकीट किती दिवस व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या खोलीच्या) कपाटात पडून होते, याच्याशी कलमाला देणेघेणे नाही. फोटोत नोटिशीवरची सहीची तारीख दिसते, प्रसिद्धीची दिसत नाही. म्हणून उद्या सकाळी वकील घेऊन धर्मादाय कार्यालयात जा, चेंज रिपोर्टच्या फाइलचे निरीक्षण मागा आणि प्रसिद्धीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नकलेचा अर्ज त्याच फेरीत टाका. ईस्टरपर्यंत थांबायचे काहीही कारण नाही. उपवासकाळात हरकत अर्ज देऊ नये असे शास्त्रात कुठे लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुदत शिल्लक असेल तर दोन पानांची हरकत त्याच दिवशी दाखल करा आणि सोबत कलम ७३अ खाली पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्या. पुराव्याचे बाड नंतर जोडता येते. 'सगळी कागदपत्रे जमली की एकदम देऊ' या धोरणाने मी चांगल्या चांगल्या संस्था घालवलेल्या पाहिल्या आहेत. मुदत उलटली असेल तर हरकतीबरोबर विलंब माफीचा अर्ज द्या, पण तो मंजूर होईलच असे धरून चालू नका. आदेश कायम झालाच तर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील आहे, मुदत ६० दिवस. अपिलात 'वेळेवर हरकत का घेतली नाही?' हा पहिला प्रश्न येईल, आणि त्यावर 'ईस्टर होता' हे उत्तर पुरणार नाही.

आता तुमच्या स्वतःच्या चेंज रिपोर्टबद्दल. 'द्यायचा राहून गेला' हे तुम्ही इतक्या सहज लिहिले आहे की मला ते दोनदा वाचावे लागले. तुम्ही जोडलेल्या शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय रजिस्टरच्या, उताऱ्यावर आजही २००९ च्या कमिटीची नावे आहेत, आणि त्यातले दोघे प्रभूघरी गेल्याचे तुम्हीच कळवता. म्हणजे नव्या समितीने काय केले? २००९ ची नावे कमी करा, आमची चढवा, एवढाच अर्ज. तुम्हाला काढण्याची त्यांना गरजच पडली नाही, कारण सरकारी दप्तरात तुम्ही कधी आलाच नव्हता.

तरी सगळे संपलेले नाही. निवडून आलेला विश्वस्त निवडीपासूनच विश्वस्त असतो, चेंज रिपोर्ट मंजूर होणे ही फक्त त्या निवडीची नोंद आहे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा कल राहिलेला आहे. ९० दिवसांची मुदत उलटली तरी पुरेसे कारण दाखवून आणि खर्च भरून ती वाढवून घेण्याची सोय कलम २२ मध्येच आहे. तेव्हा हरकतीसोबत स्वतःचा चेंज रिपोर्टही विलंब माफीसह दाखल करा, आणि दोन्ही एकत्र ऐका अशी विनंती करा. फक्त, निवड झाली हे सिद्ध करावे लागेल. सभेची नोटीस, हजेरीवरच्या सह्या, मिनिट्स बुक. भक्ती संपल्यावर हात वर करून निवडणूक झाली आणि सही कुणीच केली नाही, असे असेल तर आत्ताच सांगा. मिनिट्स बुक जुन्या सेक्रेटरींसोबत पुण्याला मुलीकडे गेले आहे, असे तुम्ही लिहिता. त्यांना कुरियर करायला सांगू नका, कुणाला तरी रात्रीच्या गाडीने पाठवून ते हातात घ्या.

बिशपांना अधिकार होता का, याचे अर्धे उत्तर त्याच उताऱ्यावर आहे. शेड्यूल वनमध्ये विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत असा रकाना असतो. तुमच्या फोटोत नेमका त्यावर अंगठा आला आहे. 'मंडळीच्या सभासदांनी निवडलेले' असे तिथे असेल तर तुमची बाजू उभी राहते. 'डायसिसने नेमलेले' किंवा 'बिशपांच्या संमतीने' असे असेल तर वाट चढाची आहे. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या ट्रस्टांची पहिली नोंद बहुतेक वेळा मध्य प्रदेशाच्या १९५१ च्या ट्रस्ट कायद्याखालची असते. त्या मूळ नोंदीची नक्कलही मागा. पुढच्या उताऱ्यांत रकाने उतरवताना शब्द गळतात, आणि कधी कधी गळलेल्या त्या शब्दावरच दावा उभा असतो.

उरलेले अर्धे उत्तर तुमच्या पंथाच्या घटनेत आहे, जी तुम्ही पाठवलेली नाही. त्यामुळे इथे मी हात राखून बोलतो. केरळच्या मलंकारा चर्चच्या वादात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९३४ ची घटना त्या चर्चच्या सगळ्या स्थानिक मंडळ्यांवर बंधनकारक आहे आणि एखाद्या मंडळीला समांतर कारभार थाटता येणार नाही. हा निकाल डायसिसचे वकील पहिल्या तारखेला टेबलावर ठेवतील. तुमच्या वकिलांनी दुसरा ठेवावा, आणि त्याची मुळे आपल्याच गावात आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात ब्रदरन मंडळीही होती. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्ता नव्या मंडळीच्या झाल्या की नाही, यावर भांडण लागले. गुजरातला लागू असलेला ट्रस्ट कायदा म्हणजे आपलाच, जुन्या मुंबई राज्याचा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने मालमत्ता हलत नाही. सोसायटी विसर्जित करायची तर सोसायटी नोंदणी कायद्याने, आणि ट्रस्टची मालमत्ता हलवायची तर ट्रस्ट कायद्यानेच. धर्मसत्तेचा कागद वेगळा, ट्रस्टचे रजिस्टर वेगळे. एकत्र आले १९७० साली आणि निकाल लागला २०१३ साली. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी किती जण तो वाचायला उरले असतील, कोण जाणे.

तुमचा खटला या दोन निकालांपैकी कुणाकडे झुकेल ते घटना वाचल्याशिवाय सांगणार नाही, आणि घटना न वाचता जो सांगेल त्याला फी देऊ नका. बिशपांच्या मुदतीचा मुद्दा सिनॉडपुढचा, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेपुढचा, आहे. हरकतीत एका परिच्छेदात घ्या, त्यावर सगळा डोलारा उभारू नका.

दिवाणी दाव्याबद्दल मी स्पष्टच बोलतो. याच ब्रदरन वादात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आधी एक गोष्ट निकालात काढली होती: ट्रस्ट कायद्याखालच्या अधिकाऱ्यांनी ठरवायचा प्रश्न दिवाणी न्यायालयात नेता येत नाही, कलम ८० आडवे येते. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणत्या ट्रस्टची, हे प्रश्न त्याच जातीचे आहेत. तुमचा दावा याच मुद्द्यावर फेटाळावा असा अर्ज समोरून आला नसेल तर येईल. दाव्यात असे काही आहे का, जे धर्मादाय अधिकारी देऊच शकत नाहीत, ते तुमच्या वकिलांना विचारा. नसेल तर योग्य ठिकाणी जाण्याची मुभा मागून दावा काढून घेण्याचा विचार करा. हा निर्णय मात्र दाव्याची प्रत पाहिल्याशिवाय घेऊ नका.

कुलूप आजच काढा, पण पाळकसाहेबांच्या आणि दोन त्रयस्थांच्या समक्ष, आतल्या सामानाचा पंचनामा करून. तुमच्या कुलपावर त्यांनी कुलूप लावले आणि रविवारी फाटकावर बाचाबाची झाली की पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ ची, म्हणजे जुन्या १४५ ची, कारवाई सुरू करू शकतात. मग उपासना कुणाची आणि चावी कुणाकडे, हे कार्यकारी दंडाधिकारी ठरवतील.

राहिले मैदान. ट्रस्टची बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. २९ वर्षांचा पट्टा त्याशिवाय टिकायला नको. पण मंजुरीचा अर्ज विश्वस्तांनी करायचा असतो, आणि विश्वस्त कोण ते रजिस्टर सांगते. म्हणून समितीला घाई आहे ती चेंज रिपोर्टची. लॉनवाल्याशी कागद नंतर होईल. 'मंजुरी नाही म्हणजे करार आपोआप रद्द' या भरवशावरही राहू नका, कारण अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी देण्याची वाट २०१७ लाच उघडली आहे. एकदा मांडव पडले, लग्नांचे बुकिंग झाले, की 'लोकांचे नुकसान होईल' हे कारण तयारच असते. करारावर 'अकरा महिने' लिहून तो वर्षानुवर्षे नवा करत राहण्याची युक्तीही जुनी आहे, ती चालू आहे का पाहा. नगर भूमापन कार्यालयातून मैदानाची आखीव पत्रिका काढा. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, निघाली तर पट्ट्याच्या अटी आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हा आणखी एक अडसर त्यांच्यापुढे उभा राहतो, आणि तो तुम्हाला फुकटात मिळतो.

मैदान वाचवण्यासाठी खरा अर्ज कलम ४१ई चा. ट्रस्टची मालमत्ता वाया जाण्याची किंवा बेकायदा हस्तांतरित होण्याची भीती असेल तर धर्मादाय आयुक्त मनाई देऊ शकतात. अर्ज हितसंबंध असलेल्या किमान दोघांचा हवा, प्रतिज्ञापत्रासह. तुम्ही एकट्याने अर्ज केलात तर तेवढ्यावरच तो अडकेल. दुसरी सही बरखास्त कमिटीतल्या पंचाची घेऊ नका, 'खुर्ची गेली म्हणून आले' असे म्हणायला समोरच्यांना सोपे जाते. मंडळीच्या रजिस्टरला जुनी नोंद असलेल्या, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, कुठल्याही निवडणुकीत कधी न पडलेल्या एखाद्या आजींची घ्या. प्रतिज्ञापत्र त्यांना आधी वाचून दाखवा, कारण उलटतपासणीत त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.