यूकेला येऊन स्वतःचं इंटिरियरचं काम सुरू करावं का?

तुम्ही विचारलंत की मिस्टरांना यूकेत स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी लागलीय, तुम्ही डिपेंडंट म्हणून येताय, भारतात आठ वर्षं इंटिरियरची कामं केलीत, तर तिकडे पोचल्या पोचल्या स्वतःचं सुरू करू का. मी 2014 ला अशीच डिपेंडंट म्हणून आले, त्यामुळे सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

व्हिसाचं आधी. डिपेंडंट पार्टनरला नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही, तिथे अडचण नाही. तुमचं बी.आर्क. आहे म्हणालात, पण इथे कार्डवर, वेबसाइटवर कुठेच आर्किटेक्ट लिहू नका, 1997 च्या कायद्याप्रमाणे एआरबीकडे, म्हणजे इथल्या आर्किटेक्ट नोंदणी मंडळाकडे, रजिस्टर झालेल्यांनाच ते नाव लावता येतं. इंटिरियर डिझायनर म्हणायला मात्र कसलंही लायसन्स लागत नाही.

आता माझं मत. पहिलं दीड-दोन वर्ष स्वतःचं सुरू करू नका, एखाद्या किचन शोरूममध्ये डिझायनरची नोकरी धरा. मलाही सुरुवातीला ते कमीपणाचं वाटलं होतं, आपण अख्खे फ्लॅट केलेत आणि इथे कपाटं विकायची का असं, पण इथलं घर कसं बांधतात ते मी तिथेच शिकले. वॉशिंग मशीन बहुतेक घरांत किचनमध्येच बसतं. वरच्या मजल्याला स्लॅब नसतो, लाकडी फ्लोअर असतो, बाथरूमला आपल्यासारखा नहाणी ट्रॅप नसतो, त्यामुळे पाणी बाहेर सांडलं की खालच्या खोलीचं सीलिंग गेलंच समजा. बेसिनच्या बाजूला हेअर ड्रायरसाठी सॉकेट दाखवलात तर इलेक्ट्रिशियन लावणार नाही, नेहमीच्या आकाराच्या घरगुती बाथरूममध्ये फक्त दाढीच्या मशीनचा शेव्हर सॉकेटच चालतो.

तरी चूक झालीच. माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात मी बेडरूमला भिंतभर लटकतं बुकशेल्फ दिलं होतं. आपल्याकडे विटेची भिंत असते, हवं तिथे ड्रिल मारलं, फास्टनर ठोकला की झालं. इथला सुतार आला, माझं ड्रॉइंग बघितलं, काही बोलला नाही, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत बाजूला सरकत गेला, सगळीकडे पोकळ आवाज, मग एका जागी आवाज बसका आला तिथे त्याने पेन्सिलीने बारीक रेघ मारली, पुढची रेघ तिच्यापासून 400 मिलिमीटरवर, मग परत तेवढ्याच अंतरावर. रेघेच्या मागे लाकूड आणि मधे नुसतं साडेबारा मिलिमीटरचं प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचा पातळ बोर्ड. माझा एकही ब्रॅकेट रेघेवर येत नव्हता आणि शेल्फ तर बनून खाली हॉलमध्ये उभं होतं. त्याचे ब्रॅकेट बदलायचा खर्च मी क्लायंटकडून घेतला नाही, आणि त्या रात्री बसून बाकी सगळी ड्रॉइंग परत काढली, प्रत्येक भिंतीत लाकूड कुठे आहे ते दाखवून. दुसऱ्या दिवशी सुताराने ती घडी घालून खिशात ठेवली. पुढची तीन कामं मला त्याच्याकडून आली.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही मार्केटिंगबद्दल विचारलंत आणि माझा धंदा खरा वाढला तो अशा लोकांमुळे. इथे तुमच्या हाताखाली कायमची टीम नसते, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे स्वतंत्र, चांगली माणसं बरेच आठवडे आधी बुक झालेली असतात, ती साइटवर तुमची वाट बघत थांबणार नाहीत. ड्रॉइंग पूर्ण असेल, मधेच बदल करणार नसाल आणि पैसे ठरल्या दिवशी मिळत असतील तर तेच पुढच्या घरी तुमचं नाव सांगतात. जाहिरातीवर मी पहिल्या चार वर्षांत केलेला खर्च आज केला नसता.

पैशाचं नीट समजून घ्या, इथेच बरेच जण अडकतात. एका टॅक्स वर्षात धंद्याची जमा 1,000 पाउंडच्या वर गेली की सेल्फ एम्प्लॉइड म्हणून रजिस्टर करायचं, वर्ष संपल्यावर येणाऱ्या 5 ऑक्टोबरच्या आत, आणि रिटर्न ऑनलाइन 31 जानेवारीपर्यंत. व्हॅटसाठी, म्हणजे विक्रीवरच्या करासाठी, रजिस्टर करायची मर्यादा एप्रिल 2024 पासून 90,000 पाउंड आहे आणि ती टर्नओव्हरवर आहे, नफ्यावर नाही, शिवाय कुठल्याही मागच्या बारा महिन्यांची बेरीज धरतात. म्हणजे सोफा, लाइट, पडदे तुम्ही स्वतःच्या नावावर घेऊन क्लायंटला बिल केलं तर ती सगळी रक्कम तुमच्या टर्नओव्हरमध्ये येते आणि हातात फार काही उरलेलं नसताना तुम्ही मर्यादेला टेकता. व्हॅट लागला की 20 टक्के वाढतात आणि घरमालकाला ते परत मिळत नाहीत. म्हणून मी बरीच वर्षं फक्त डिझाइन फी घेतली, सामान क्लायंटने थेट दुकानाला पैसे देऊन घ्यायचं. सहाव्या वर्षी कामं मोठी झाली तेव्हा हिशोब करून, ठरवून व्हॅटसाठी रजिस्टर झाले. सप्लायरकडून मिळणारा ट्रेड डिस्काउंट तुम्ही ठेवणार की क्लायंटला देणार ते पहिल्याच करारात लिहा, हे मी तोंडी ठेवलं होतं आणि एक चांगला क्लायंट त्यावरून कायमचा तुटला, अजून वाईट वाटतं.

भारतातून फर्निचर मागवायचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो. सोफा, गादीवाली खुर्ची असेल तर 1988 चे फायर रेग्युलेशन लागतात, आतला फोम आणि वरचं कापड दोन्ही त्यात बसलं पाहिजे, नाहीतर ते इथे विकताच येत नाही. पडद्याच्या कापडाला तो नियम नाही, ते मी अजूनही मागवते.

इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून घ्या, प्रोफेशनल इंडेम्निटी (तुमच्या डिझाइनमधल्या चुकीसाठी) आणि पब्लिक लायबिलिटी (कामात दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर). पहिला माणूस नोकरीला ठेवलात की एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे कामावरच्या माणसाला इजा झाली तर त्याचा इन्शुरन्स, कायद्यानेच लागतो, किमान 50 लाख पाउंडचा. मी पाचव्या वर्षी एक मुलगी ठेवली, अर्धवेळ, फक्त ड्रॉइंगसाठी, आणि साइटवर मी स्वतःच जात राहिले. आज आम्ही तिघी आहोत आणि यापेक्षा मोठं करायचं माझ्या मनात नाही, कारण सुतारासमोर मीच उभी असले की काम सरळ होतं असा माझा अनुभव आहे.

तुमच्याकडे यायला अजून चार महिने आहेत ना, तर तुमची दोन चांगली जुनी कामं निवडा आणि त्यांची ड्रॉइंग परत काढून ठेवा, फूट-इंचात नको, सगळं मिलिमीटरमध्ये, सेक्शनसकट. शोरूमच्या इंटरव्ह्यूला फोटोंच्या आधी तीच टेबलावर ठेवा.