बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) आहे, मलाही होईल का?
घाबरू नका. सख्ख्या भावंडाला धोका साधारण 3 टक्के. अगदी एकसारख्या जुळ्यांतही दुसऱ्याला होण्याचं प्रमाण चौथा हिस्साच, म्हणजे नुसत्या जनुकांनी भागत नाही. बायकांत हा आजार दुप्पट-तिप्पट आढळतो. सर्वात ठोस पुरावा एपस्टाइन-बार विषाणूचा: 2022 सालच्या अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासात त्याच्या संसर्गानंतर धोका 32 पट दिसला. पण तो विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होऊन गेलेलाच असतो, हा आजार मात्र फार थोड्यांना होतो. आपल्या हातात काय, तर सिगारेट सोडणं आणि पोरवयात वजन आटोक्यात ठेवणं. ड जीवनसत्त्व कमी असणं हेही एक कारण मानतात. सांगलीत ऊन रग्गड, तरी माझं ड 11, म्हणजे फारच कमी निघालं! दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या गाळ्यात बसल्यावर ऊन लागणार कुठून?