रंगाआधी भिंतीकडे बघ

रंगाचा डबा उघडायची घाई करू नकोस. आधी भिंतीवरून तळहात फिरव. पांढरी भुकटी लागली तर जुना थर सुटतोय. त्यावर कितीही महागडा रंग दे, पोपड्यांसकट निघणार. सैल पोपडे पट्टीने खरवड, मग पॉलिश पेपर मार. ऑइल पेंट असेल तर चकाकी मरेपर्यंत घास, नाहीतर नवा रंग धरत नाही. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. शंका असली तर कोरडं घासू नकोस. पाणी मारून घास, चांगला मास्क लाव, मुलांना लांब ठेव.

तेलकट भिंत साबणाच्या पाण्याने धुवायची ती घासण्याआधी. नंतर धुतलीस तर तेल आत चोळलं गेलेलं असतं.

भिंतीतली ओल पुट्टीने, म्हणजे भिंत सपाट करायच्या लेपाने, झाकू नकोस, पाणी कुठून येतंय ते शोध. भेग थोडी रुंद करून, धूळ काढून मगच भर. पुट्टीचे दोन पातळ हात दे; जाड थर वाळताना तडकतो. वाळल्यावर भिंतीलगत टॉर्च धरून तिरका उजेड पाड. दिवसा न दिसलेले उंचवटे तेव्हा दिसतात, आणि मग राग येतो. आधी 180 नंबरचा पेपर, नंतर 220. धूळ पुसून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर.