दा लातला (व्हिएतनाम) फक्त खाणं आणि कॉफीसाठी चार दिवस द्यावेत का? सोबत आई आहे, ती पक्की शाकाहारी

द्या की. चार दिवस अजिबात जास्त नाहीत, उलट दोन दिवसांत उरकायला गेलात तर सकाळचा नाष्टा हुकेल आणि दा लातची खरी मजा नाष्ट्यातच आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं सायगॉनला होतो (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात), तिथल्या घामट हवेला वैतागून तीनदा दा लात गाठलं आणि त्यातल्या एका खेपेला सासूबाई सोबत होत्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, त्यामुळे तुमची अडचण मला बरोब्बर कळतेय.

गाव साधारण १५०० मीटर उंचीवर, फ्रेंचांनी थंड हवेसाठी वसवलेलं, मधोमध तळं, पाइनची झाडं, स्ट्रॉबेरी. मराठी माणूस उतरल्या उतरल्या "हे तर महाबळेश्वर" म्हणतो, मीही म्हटलं. सायगॉनहून ३०० किलोमीटर, रात्रीची स्लीपर बस पहाटे सोडते. स्वेटर घ्या, पहाटे खरंच कुडकुडायला होतं.

आता आईंसाठी एकच शब्द पाठ करा, "चाय". व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे शाकाहारी! बौद्ध लोक पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी असं जेवतात म्हणून "कॉम चाय" लिहिलेल्या खानावळी गावोगाव असतात, तिथं टोफू, मशरूम, भाज्या, भात, डोळे मिटून जेवा. इतर ठिकाणी मात्र नुसत्या भाजीतही नुओक माम म्हणजे माशाचा सॉस असतो, "मांस नको" सांगून भागत नाही कारण त्यांच्या लेखी सॉस म्हणजे मांस नाहीच.

ह्या चायवरून आमच्याकडे कायमचा विनोद झालाय. बाजाराजवळ सकाळी एक बाई बान्ह कान करत होती, म्हणजे थेट आपले आप्पेच, तांदळाचं पातळ पीठ, कोळशाच्या शेगडीवर मातीचे छोटे साचे आणि प्रत्येक साच्यावर मातीचं इवलंसं झाकण, ती एकेक झाकण चिमट्यासारखं दोन बोटांनी उचलून खाली बघायची, परत ठेवायची, बोटं भाजत कशी नव्हती देव जाणे. एरवी त्यात लावीचं अंडं फोडतात आणि सोबत मांसाचे गोळे घातलेला पातळ सॉस देतात. सासूबाईंचे हातवारे बघून तिनं विचारलं, "चाय?" तर ह्या म्हणाल्या, "नको गं बाई, आत्ताच झाला." पुन्हा "चाय?", पुन्हा "नको!" शेवटी मीच मधे पडले. मग तिनं अंडं न घालता नुसते पांढरे आप्पे दोन दोन जोडून दिले, वरचं कांद्याच्या पातीचं तेल आम्हीच नको म्हटलं (त्यात कधी कधी डुकराची चरबी असते, हे विचारून घ्या), आणि सासूबाईंनी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. चौदा खाल्ले. मी अंडंवाले खाल्ले, तेही मस्त, पण चटणीबरोबर साधेच जास्त चांगले लागत होते हे कबूल करायलाच हवं.

रात्री मार्केटच्या पायऱ्यांवर गर्दी असते, तिथं बान्ह त्रांग नुओंग मिळतो, पर्यटक त्याला व्हिएतनामी पिझ्झा म्हणतात, म्हणजे तांदळाचा पापड कोळशावर भाजून वर अंडं, पात, सुकी कोळंबी, सॉस. ठीक आहे, एकदा खा. त्यापेक्षा गरम सोयाबीनचं दूध घ्या, थंडीत ग्लास दोन्ही हातांत धरून, ते आईंनाही चालेल. अ‍ॅव्होकाडोच्या गरावर आइस्क्रीमचा गोळा घालून देतात तेही सोडू नका.

कॉफी. तिथं कॉफी फिनमधे होते, मद्रासी फिल्टरचा एकमजली भाऊ समजा, कपावर बसतो, आत पावडर, वर भोकाची चकती, आधी थोडं गरम पाणी घालून पावडर भिजू द्यायची मग भरायचा, आणि पुढची चार पाच मिनिटं थेंब थेंब बघत बसायचं, घाई असेल तर चहा घ्या. खाली कन्डेन्स्ड मिल्क असतं. बर्फ घातली की का फे सुआ दा. आईंना कडू वाटली तर "बाक सिउ" मागवा, त्यात दूधच जास्त. आणि रात्री पिऊ नका, नेहमीची व्हिएतनामी कॉफी रोबस्टा जातीच्या बियांची असते, त्यात अरेबिका ह्या दुसऱ्या जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन, मी पहिल्याच दिवशी आठ वाजता दोन कप मारले आणि पहाटे तीनपर्यंत छताचे कोपरे मोजले, नवरा शेजारी घोरत होता.

पण दा लातची स्वतःची कॉफी अरेबिका आहे. ती बघायची तर काउ दातला जा, गावापासून वीस पंचवीस किलोमीटर, गाडी ठरवून अर्धा दिवस. १९२७ सालचा चहाचा जुना कारखाना तिथंच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधे गेलात तर झाडांवर लाल फळं दिसतील, एक तोडून चोखून बघा, गोड लागतं, कॉफीचा मागमूस नाही. पावसाळा मे ते ऑक्टोबर, तेव्हा दुपारनंतरचं काही ठरवू नका.

फोटोसाठी बांधलेले कॅफे, काचेचे पूल, ढगांवरचे झोपाळे वगैरे, तिथं कॉफी पाणचट आणि रांग मोठी, मी दोनदा फसले. उदमांजराच्या कॉफीला (त्याला कॉफीची फळं खायला घालून विष्ठेतल्या बिया धुऊन भाजतात) तर जाऊच नका, पिंजऱ्यात फेऱ्या मारणारी ती जनावरं बघून सासूबाई तिथून उठल्याच, कप तसाच राहिला.

येताना काउ दातच्या बिया आणि एक स्टीलचा फिन आणा, स्वस्त असतो. माझ्या फिनचं झाकण कधीच हरवलंय, वर वाटी पालथी घालते, काही फरक पडत नाही.