युद्धातून सावरणाऱ्या देशात परदेशी पैशातून दिलेल्या व्यवसाय प्रशिक्षणाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण इमारत बघून ठरवू नका. मी आयटीआयमध्ये बावीस वर्षं वीजतंत्री शिकवलं. फीत कापतानाचा फोटो छापून आला की माझी नजर आधी मागच्या यंत्रांवर जाते. मग मनात येतं, इथून मुलाला प्रमाणपत्राचा कागद कुठला मिळणार?

श्रीलंकेतली किलिनोच्ची ही एलटीटीईच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या संघटनेच्या, कारभाराची राजधानी होती. जानेवारी २००९ मध्ये ती लष्कराने घेतली, मे महिन्यात युद्ध संपलं. तिथल्या अरिवियल नगरात जर्मनीच्या पैशातून श्रीलंका-जर्मन प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये सुरू झाली. वाहनं आणि शेतीची अवजारं, बांधकाम, वीज, अन्नप्रक्रिया असे विभाग. जर्मनांना हे नवं नव्हतं. त्यांच्या मदतीची मोरातुवातली संस्था १९५९ची.

मला यातलं खरं शहाणपण वाटतं ते कागदात. श्रीलंकेची स्वतःची एनव्हीक्यू नावाची सात पातळ्यांची पद्धत आहे: चौथीपर्यंत प्रमाणपत्र, पाचवी-सहावीला डिप्लोमा, सातवी पदवीच्या तोडीची. ही संस्था त्याच पद्धतीत बसवली. त्यामुळे किलिनोच्चीचा तमिळ मुलगा कोलंबोच्या गॅरेजात गेला, तर सिंहली मालकालाही कळतं की हा काय शिकून आलाय. नाहीतर पंधरा दिवसांचा वर्ग घेऊन स्वतःचा शिक्का मारलेला कागद हातात देणारे काही कमी नसतात. गावाबाहेर त्याला कोण विचारतो?

काबूलची गोष्ट वेगळी. तिथल्या बाग-ए-जनानात, म्हणजे खास बायकांच्या बागेत, भारत सरकारच्या मदतीने अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना शिवणकाम, रोपवाटिका, अन्नप्रक्रिया शिकवली, आणि विक्रीही. (विक्रीचा तास आमच्याकडे कधीच नव्हता.) पुढे तालिबान परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी स्वयंसेवी संस्थांत काम करायलाच बायकांना बंदी केली. त्यात शिकवणाऱ्यांची चूक काय?

तुम्हाला एखादा प्रकल्प पारखायचाच असेल तर विचारा, देणारा देश निघून गेल्यावर कच्च्या मालाचे पैसे कोण भरणार. मी होतो तिथे वेल्डिंगचे रॉड संपले की पोरं महिना महिना फळ्यावर वेल्डिंग शिकायची. मशीन मात्र नवंकोरं, प्लास्टिकसकट.