कॅनडातल्या कुठल्या छोट्या शहरातून नामवंत माणसं आली आहेत?

माझं उत्तर ब्रँटफर्ड, ओंटारिओ. टोरंटोहून गाडीने तास-सव्वा तास, ग्रँड नदीच्या काठावर, वस्ती लाखाच्या जरा वर. मी इथेच राहते त्यामुळे थोडं भरभरून लिहिणार आहे, चालवून घ्या.

कोणालाही विचारा, पहिलं नाव येणार वेन ग्रेट्झकी. आपल्याकडे क्रिकेटमध्ये सचिन तसा इथे आइस हॉकीत हा. जन्म १९६१, वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरीला. दर हिवाळ्यात ते घरामागच्या अंगणात पाणी सोडून बर्फाची रिंक करायचे आणि पोरगं तासन्‌तास तिथेच. टीव्हीवर मॅच लागली की वेन कागद-पेन्सिल घेऊन बसायचा, नजर स्क्रीनवर आणि पक (हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) जाईल तशी कागदावर रेघ, मग मॅच संपल्यावर रेघांचा गुंता जिथे जास्त तिथे पक जास्त वेळ असतो हे कळायचं. दहाव्या वर्षी एका सीझनमध्ये ३७८ गोल केलेत त्याने! एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमधला त्याचा ८९४ गोलचा रेकॉर्ड २०२५ मध्ये रशियाच्या ओव्हेच्किनने मोडला, पण नुसते असिस्टच (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) १९६३ आहेत, दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचे गोल आणि असिस्ट मिळूनसुद्धा तेवढे होत नाहीत.

टेलिफोनवाला ग्रॅहम बेल मूळचा स्कॉटलंडचा. दोन्ही भाऊ क्षयाने गेले म्हणून १८७० मध्ये आईवडील त्याला घेऊन इथे आले. १० ऑगस्ट १८७६ ला ब्रँटफर्डहून जवळच्या पॅरिस गावापर्यंत, साधारण १३ किलोमीटर, तारेवरून माणसाचा आवाज पोचला. आवाज एकाच बाजूने जायचा.

पण मला मनापासून ज्याच्याबद्दल सांगायचंय तो टॉम लाँगबोट. तो शहरातला नाही, शहराला लागून असलेल्या सिक्स नेशन्स रिझर्व्हमधला (मोहॉक, ऑनोंडागा वगैरे सहा मूळनिवासी जमातींसाठी राखीव जमीन), ऑनोंडागा जमातीचा. मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट, ज्याचं नाव शहराला आहे, त्याच्या लोकांना १७८४ मध्ये इंग्रजांनी नदीच्या दोन्ही काठांची जमीन दिली होती, आता त्यातला अगदी छोटा तुकडा उरलाय, तोच हा रिझर्व्ह. त्यामुळे ब्रँटफर्डची माणसं मोजताना सिक्स नेशन्स वगळायचं हे मला तरी पटत नाही.

तर लाँगबोट. लहानपणी त्याला मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये घातलं, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा, रीतीभाती विसरायला लावणारी निवासी शाळा, तिथून तो पळून गेला. १९०७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली, २ तास २४ मिनिटं २४ सेकंद, आधीच्या रेकॉर्डपेक्षा जवळपास पाच मिनिटं कमी (तेव्हा रेस आताच्यापेक्षा थोडी छोटी होती). तो एक दिवस जोरात पळायचा आणि मग लांब लांब चालून अंग मोकळं करायचा, तर पेपरवाले आणि कोच त्याला आळशी म्हणायचे. आज कुठलाही कोच कठीण दिवसानंतर हलका दिवस ठेवायला सांगतो! म्हणजे त्याचंच बरोबर होतं, फक्त तो मूळनिवासी म्हणून कोणी ऐकलं नाही, आणि मला याचा खरंच राग येतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये निरोप्या म्हणून पळत होता, तिकडे चुकून मेला म्हणून नोंद झाली आणि परत आला तर बायकोने दुसरं लग्न केलेलं. नंतर टोरंटोत रस्ते सफाई खात्यात नोकरी केली.

त्याच रिझर्व्हमधली पॉलिन जॉन्सन, कवयित्री, वडील मोहॉक चीफ आणि आई इंग्रज. स्टेजवर अर्धा कार्यक्रम चामड्याच्या मूळनिवासी पोशाखात करायची आणि अर्धा इंग्रजी गाऊनमध्ये. तिच्या चीफ्सवूड घराला दोन दर्शनी दारं आहेत, अगदी सारखी, एक रस्त्याकडे आणि एक नदीकडे, कनूमधून (लांबट होडी) येणाऱ्या आपल्या माणसांसाठी.

बाकी चित्रकार लॉरेन हॅरिस (आपल्या शेतात दिसणारा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर माहीत असेलच, त्याची पूर्वज कंपनी मॅसी-हॅरिस, त्यातले हॅरिस म्हणजे याचं घराणं), आणि विनोदी नट फिल हार्टमन, पण तो लहानपणीच अमेरिकेत गेला.

कधी इकडे आलात तर बेलचं घर बघाच, पण वुडलँड कल्चरल सेंटर चुकवू नका, ते त्या जुन्या निवासी शाळेच्याच जागी आहे.